दीडशे रुपयांची निकाल फाइल : गोषवाऱ्याला पैकीच्या पैकी, नोंदींना भोपळा

एप्रिल उजाडला की केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. एक, 'तात्काळ माहिती सादर करा'चे मेसेज. दोन, निकालाच्या एक्सेल फाइलींच्या जाहिराती. 'फक्त नावे व गुण भरा, संपूर्ण निकाल एका क्लिकवर! आकारिक, संकलित, वर्णनात्मक नोंदी, प्रगतिपत्रक, गोषवारा. इयत्ता १ ली ते ८ वी. मोबाइलवरही चालते. किंमत फक्त १५० रु.' आणि खाली क्यूआर कोड.

इतकी वर्षं मी टेलिग्रामवरच्या फुकट फाइलींवर भागवलं. २०२४-२५ ला दीडशे रुपये मोजले. फाइल बनवणारे सर आपल्यासारखेच जिल्हा परिषदेचे शिक्षक, दुसऱ्या जिल्ह्यातले. त्यांचं आणि फाइलचं नाव लिहीत नाही, कारण पुढे मी तिची बरीच सालटी काढणार आहे आणि माणूस भला आहे. तशीही या फाइली एकमेकींच्या बहिणीच असतात. तुम्ही घेतलेली वेगळी असली तरी यातलं निम्मं लागू पडेल.

आमची शाळा भोर तालुक्यातली. द्विशिक्षकी, पहिली ते चौथी, पट २३. कागदोपत्री दोन वर्ग माझे आणि दोन मुख्याध्यापक गुरुजींचे. संगणकाचं काम निघालं की चारही माझे. गुरुजींच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. ते म्हणतात, "मॅडम, तुम्ही ते डब्यात भरा, मी इकडे पोरं सांभाळतो." सौदा वाईट नाही. एप्रिलच्या उन्हात चार वर्ग एका खोलीत गप्प बसवणं हे एक्सेलपेक्षा अवघड काम आहे.

फाइल विकत घ्यायची वेळ आली ती वेळापत्रकामुळे. एरवी आम्ही एप्रिलच्या मध्यापर्यंत परीक्षा उरकतो आणि निवांत पेपर तपासून निकाल लावतो. २०२४-२५ ला मात्र राज्यभर एकच वेळापत्रक आलं, परीक्षा ८ ते २५ एप्रिल. निकाल नेहमीप्रमाणे १ मेला. मधल्या दिवसांतून शनिवार-रविवार वजा करा, अक्षय्य तृतीया वजा करा, काय उरतं बघा. शिवाय तिसरी-चौथीचे मराठी, गणित, इंग्रजीचे पेपर राज्याकडून छापून आलेले. ते तपासायचे, त्यांचे गुण शासनाच्या चॅटबॉटवर वेगळे भरायचे आणि तेच पुन्हा आपल्या निकालात धरायचे. याच काळात पहिलीत येणाऱ्या पोरांचा शाळापूर्व तयारीचा मेळावा आणि चौथीच्या मुलांचे दाखले. अशा वेळी कोणी 'एका क्लिकवर' म्हणालं की हात आपोआप खिशाकडे जातो.

पैसे पाठवल्यावर पाच-दहा मिनिटांत फाइल आली, सोबत वापर समजावणारा व्हिडिओ. तो नीट आहे. सर हळू बोलतात आणि कुठलं बटण आधी दाबायचं ते दोनदा सांगतात.

'मोबाइलवरही चालते' हे अर्धंच खरं. मोबाइलवर फाइल उघडते, गुण टाकता येतात, पण बटणं दगडासारखी गप्प. प्रगतिपत्रक काढायचं तर लॅपटॉपच लागतो, तोही खरं एक्सेल असलेला. गुरुजींच्या पुतण्याचा आणला. फाइल उघडताच वर पिवळी पट्टी आली, मॅक्रो, म्हणजे फाइलमधले आपोआप चालणारे प्रोग्राम, चालू करू का म्हणून. गुरुजी दचकले. "मॅडम, व्हायरस तर नाही ना?" प्रश्न रास्त आहे. ओळख ना पाळख अशा माणसाकडून आलेली मॅक्रोची फाइल ज्या लॅपटॉपवर बँकेचं काम चालतं तिथे उघडू नका. आणखी एक सांगते. विद्यार्थी माहितीच्या शीटमध्ये आधार क्रमांकाचा रकाना आहे. प्रगतिपत्रकावर आधार कुठेही छापायचा नसतो, मग तो हवाय कशाला? मी तो रकाना कोरा ठेवला आणि काहीही अडलं नाही. ही फाइल पुढे कोणाच्या कोणाच्या पेनड्राइव्हवर जाते ते आपल्याला माहीत असतं का?

नावं भरताना पहिली ठेच लागली. जुनी यादी श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली, फाइल युनिकोडची. चिकटवली तर २३ मुलांची नुसती चिन्हं झाली. नावं पुन्हा टाइप केली, जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेची प्रवेश नोंदवही, शेजारी घेऊन. तेही बरंच झालं म्हणा, हजेरीवर आणि रजिस्टरवर वेगळी स्पेलिंगं असलेली दोन मुलं त्यात सापडली. ज्यांच्या आडनावात 'ऱ्ह' आहे त्यांनी मात्र छपाईआधी एकदा बघून घ्यावं. या फाइलच्या शोभिवंत फॉन्टमध्ये तो तुटतो. फॉन्ट बदलून मंगल केला की सरळ होतो, पण मग नाव चौकटीबाहेर जातं.

जन्मतारखांचं प्रकरण याहून गंभीर. लॅपटॉपवर तारखेची मांडणी अमेरिकी असेल, म्हणजे महिना आधी, तर ०३/०४/२०१६ ही ३ एप्रिल न राहता ४ मार्च होते. १२ तारखेच्या पुढे जन्मलेली मुलं यातून वाचतात, कारण तेरावा-चौदावा महिना नसतो. त्यांची तारीख फाइल नुसती अक्षरं म्हणून ठेवते आणि वयाच्या रकान्यात एरर दाखवते. म्हणजे ज्यांची चूक दिसते त्यांची तारीख बरोबर असते आणि ज्यांची चूक दिसत नाही त्यांची तारीख बदललेली असते. व्हिडिओत याबद्दल अवाक्षर नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रांत 'भारत' करा आणि मगच तारखांना हात लावा. जन्मतारीख आहे ती. चौथीनंतर ती दाखल्यावर जाते आणि मूल आयुष्यभर तीच सांगतं.

आता गुणांकडे येते. इथे फाइलने पैसे वसूल करून दिले.

२० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयापासून आपल्याकडे वर्षभराचं आकारिक मूल्यमापन आणि सत्राअखेरचं संकलित मूल्यमापन अशी गुणांची वाटणी आहे. पहिली-दुसरीला ७०-३०, तिसरी-चौथीला ६०-४०, पाचवी-सहावीला ५०-५०, सातवी-आठवीला ४०-६०. संकलितात पुन्हा तोंडीचे दहा आणि बाकी लेखी. कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण यांना संकलित नाहीच, सगळे १०० आकारिक. वर नऊ श्रेणी, अ-१ पासून इ-२ पर्यंत. द्विशिक्षकी शाळेत एकाच खोलीत ७०-३० पण असतं आणि ६०-४० पण. हाताने करताना दुसरीच्या मुलाला तिसरीची विभागणी लागायला किती वेळ लागतो? ही फाइल इयत्ता निवडली की विभागणी आपोआप बदलते. ३० पैकीच्या चौकटीत ३१ टाकले की चौकट लाल होते. गैरहजर मुलासाठी 'गै' लिहिलं तर बेरीज मोडत नाही. फुकटच्या फाइलींत हमखास मोडायची.

दोन खोड्या सापडल्या. पहिली आकड्यांची. कीबोर्ड मराठीवर असताना मराठी आकडे पडतात, आणि ही फाइल मराठी आकड्यांना अक्षरं समजते. चौकटीत ठसठशीत ४० दिसतात, बेरजेत शून्य. शासनाची मराठी शाळा, मराठी निकालपत्रक आणि मराठी आकडा चालत नाही! नावं मराठीत आणि गुण इंग्रजी आकड्यांत, असा कीबोर्ड मागेपुढे करत बसावं लागतं.

दुसरी खोडी बारीक आहे आणि म्हणून जास्त धोक्याची. बाहेरून आलेल्या पेपरचे गुण आपल्या ३० मध्ये बसवताना अपूर्णांक येतात. चौथीतल्या एका मुलाचे आकारिक ४८, तोंडी ८ आणि लेखी साडेचोवीस. फाइल चौकटीत साडेचोवीस ऐवजी २५ दाखवते, एकूण ८१ दाखवते, आणि श्रेणी देते ब-१. आता ८१ ला अ-२ असते हे पोरांनासुद्धा पाठ आहे. झालं असं की दाखवताना फाइल पूर्णांक करते, पण पोटात साडेऐंशीच धरते, आणि श्रेणी पोटातल्या आकड्यावर ठरते. एरवी हे माझ्या लक्षात आलं नसतं. गुरुजी छापील कागदावर लाल पेनाने प्रत्येक बेरीज पडताळतात, त्यांनी धरलं. संगणकाचा निकाल पेनाने तपासणाऱ्या माणसाला आम्ही हसायचो. मी सरांना फोन केला. रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. त्यांनी ऐकून घेतलं, "बरोबर आहे मॅडम, राउंडचं सूत्र राहिलंय" म्हणाले आणि तासाभरात दुरुस्त फाइल पाठवली. शिवाय ग्रुपवर सगळ्यांना कळवलंही. दीडशे रुपयांत अशी सेवा कुठली मोठी कंपनी देते?

एका बटणाबद्दल बोलायलाच हवं. त्यावर लिहिलंय 'आकारिक गुण विभाजन'. आकारिकाची आठ साधनं आहेत ना, दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय, इतर. वर्षभर या आठांत गुण नोंदवत जायचे आणि शेवटी बेरीज करायची, असा मूळ विचार. बटण उलटं चालतं. तुम्ही नुसती बेरीज टाका, ५२ म्हणा, ते ५२ आठ साधनांत छान वाटून देतं. प्रत्येक मुलाला वेगळं वाटतं, संशय येणार नाही असं. हुशारी मान्य. पण जो प्रकल्प झालाच नाही त्याला सात गुण आणि जी चाचणी घेतलीच नाही तिला सहा, हे मला बघवलं नाही. माझ्याकडे वहीत वर्षभराच्या नोंदी होत्या, त्या आठही रकान्यांत टाकल्या, वेळ लागला. ज्या शिक्षकाच्या वर्षाचे निम्मे दिवस ऑनलाइन माहिती, प्रशिक्षणं आणि सर्वेक्षणं यांत गेलेत, तो हे बटण दाबणार, आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. बटण कोणाची गरज म्हणून जन्माला आलं हे वरच्यांनी एकदा बसून वाचावं.

आणि आता वर्णनात्मक नोंदी. शिक्षक नसलेल्या वाचकांसाठी सांगते, प्रगतिपत्रकावर श्रेणींच्या शेजारी प्रत्येक मुलाबद्दल चार ओळी लिहायच्या असतात. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक, व्यक्तिमत्त्व गुणविशेष. हे आलं तेव्हा मी नोकरीत नवी होते आणि मला ते मनापासून आवडलं होतं. गुणांपलीकडे मूल कसं आहे हे कोणीतरी विचारत होतं. पुढे बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या, मग पीडीएफ, मग ॲप, आणि आता हे बटण.

'नोंदी भरा' दाबलं. २३ मुलांच्या सगळ्या चौकटी डोळ्यांदेखत भरल्या. गुरुजींनी टाळी वाजवली. मग वाचायला घेतल्या.

पहिलीतल्या मुलीपुढे, 'संगणक हाताळण्याची आवड आहे.' आमच्या शाळेत एक संगणक आहे; त्याच्यावर पोषण आहाराच्या तांदळाची रिकामी पोती घडी करून ठेवतात. चौथीतल्या एका मुलापुढे, 'समानार्थी शब्द अचूक सांगते.' लिंगाच्या रकान्यात 'मुलगा' निवडलेलं होतं, बाकीच्या वाक्यांत करतो-वाचतो नीट आलं होतं. यादीतलं हे एकच वाक्य सर बदलायला विसरले असणार. तिसरीतल्या एकाला विशेष प्रगतीत 'गणिती क्रिया अचूक करतो' आणि सुधारणेत 'गणिती क्रियांचा सराव आवश्यक', एकाच पानावर, वरखाली. पालकांनी यातलं कुठलं खरं मानायचं?

खरी गंमत तर पुढेच होती. एका नावातली वेलांटी सुधारून एंटर दाबलं आणि सगळ्यांच्या सगळ्या नोंदी बदलल्या. फाइल वाक्यांच्या यादीतून चिठ्ठी उचलल्यासारखं एक वाक्य उचलते, आणि एक्सेलमधलं ते सूत्र शीटमध्ये कुठेही काहीही बदललं की पुन्हा नवी चिठ्ठी उचलतं. म्हणजे सकाळी छापलेल्या प्रगतिपत्रकात मुलगी चित्रकलेत रमते आणि दुपारी छापलेल्या नोंदवहीत तीच कबड्डीत तरबेज होते. दोन्ही कागद केंद्रप्रमुखांच्या टेबलावर शेजारी शेजारी जाणार असतात. ज्यांना या नोंदी वापरायच्याच आहेत त्यांनी सगळा रकाना कॉपी करून 'व्हॅल्यूज' म्हणून दुसऱ्या शीटमध्ये चिकटवावा. तिथे त्या गोठतात. शीटला पासवर्ड आहे, पण मागितला की सर देतात.

मी ते शीट बंद केलं. प्रगतिपत्रकावरच्या त्या चौकटी कोऱ्या छापल्या आणि हाताने लिहायला बसले. २३ मुलांना हे जमतं. साठच्या वर्गाला जमणार नाही, तेव्हा शहरातल्या भगिनींनी दगड मारू नयेत.

चौथीत एक मुलगी आहे, धनगरवाड्यावरून चालत येते. परिसर अभ्यासाच्या लेखी पेपरात पाणी कुठून मिळतं हे विचारलं होतं; तिने दोन शब्द लिहिले, विहीर आणि नळ. तोंडीला तिला तेच विचारलं. तिने वाड्याभोवतीचे झरे एकेक नावानिशी सांगितले. कुठला होळीलाच आटतो, कुठला मे अखेरपर्यंत तग धरतो, कुठे पहाटे गेलं तर हंडा सरळ बुडवता येतो आणि उन्हं आल्यावर गेलं तर वाटीवाटीने भरावा लागतो. मधेच थांबून मला म्हणाली, "बाई, तुमच्या नळाचं पाणी पण आमच्याच अंगानं येतंय." मी दहापैकी दहा दिले. फाइलने तिच्यासाठी उचललेलं वाक्य होतं, 'प्रश्नांची उत्तरे थोडक्यात देते.' मी लिहिलं, 'गावच्या पाण्याची जाण मोठ्या माणसाइतकी आहे. जे सांगते ते लिहायला शिकवायचे आहे.' यातलं दुसरं वाक्य माझ्या वाट्याचं, पण पाचवीच्या शाळेतल्या बाईंनी वाचलं तर त्यांच्याही उपयोगी पडेल.

दुसरीतला एक पोरगा जोडाक्षर आलं की थेट पुढच्या शब्दावर उडी मारतो. फाइलच्या मते तो 'वर्गात शांत बसतो'. तो शांत बसत नाही. वर्षभर बसलेला नाही. पण परसबागेतल्या भेंडी-दोडक्याला सुट्टीत पाणी कोण घालणार हा प्रश्न निघाला तेव्हा मोठी पोरं एकमेकांवर ढकलत होती आणि याने पाठीमागच्या फळ्यावर पाळ्या लावल्या. नावं लिहिता येत नव्हती म्हणून चित्रं काढली. एकाची टोपी, एकीच्या दोन वेण्या, एकाची सायकल, स्वतःसाठी मोठं डोकं. सगळ्यांना आपापला वार कळला, कोणी तक्रार केली नाही. 'सुधारणा आवश्यक' मध्ये जोडाक्षरं लिहिली, आणि 'विशेष प्रगती' मध्ये ही पाळ्यांची गोष्ट, जागा पुरेल तेवढी. चौकट लहान आहे. सरांनी पुढच्या आवृत्तीत बाकी काही नाही केलं तरी ती बोटभर मोठी करावी.

गोषवाऱ्याबद्दल मात्र एक वाकडा शब्द नाही. श्रेणीनिहाय, प्रवर्गनिहाय, मुलगे-मुली वेगळे, इयत्तावार आणि मग शाळेचा एकत्रित. हे हाताने करताना दरवर्षी आडवी बेरीज २३ यायची आणि उभी २२, आणि तो हरवलेला एक विद्यार्थी शोधण्यात संध्याकाळ जायची. इथे बटण दाबलं, जुळलं. गुरुजींनी लाल पेनाने तपासलं, तरीही जुळलं. हजेरीची सरासरी, उपस्थितीचे दिवस, सगळं जागच्या जागी. केंद्रप्रमुखांनी पान उलटलं आणि सही केली. नुसत्या गोषवाऱ्याचे दीडशे घेतले असते तरी मी दिले असते.

छपाईचं थोडक्यात सांगते. मांडणी ए-फोर आडवी, मध्ये घडी. भोरला झेरॉक्सच्या दुकानात साध्या कागदावर काढलं तर मागची शाई पुढे दिसते. जाड कागद मागा. रंगीत काढायचा मोह टाळा, मुखपृष्ठावर फुलं, फुगे, पुस्तकं, इंद्रधनुष्य यांची एवढी दाटी आहे की शाळेचं नाव शोधावं लागतं, आणि रंगीत पानाचे पैसे आपल्याच खिशातून जातात. प्रत्येक प्रगतिपत्रकाच्या तळाशी फाइल बनवणाऱ्यांचं नाव आणि मोबाइल नंबर छापला जातो, हे मला अजिबात आवडलं नाही. मुलाच्या निकालावर जाहिरात? पैसे देऊन घेतलेल्या फाइलमध्ये? ती ओळ पासवर्डच्या आत आहे. सरांना म्हटलं, ते जरा नाराज झाले, पण काढून दिली. पुण्यात अप्पा बळवंत चौकात छापील कोरी प्रगतिपत्रकं मिळतात, ती यापेक्षा देखणी असतात. ज्यांचा पट लहान आहे आणि अक्षर बरं आहे त्यांनी गुण-श्रेणी फाइलमधून काढाव्यात आणि पत्रक ते वापरावं. पुढच्या वेळी मी तेच करणार आहे.

१ मेला झेंडावंदनानंतर निकाल वाटले. सुट्टी असल्यामुळे पुण्या-मुंबईला कामाला असलेले बापही आले होते. श्रेणींकडे कोणी फार बघत नाही. एक आजी नातवाचं पत्रक उलटंपालटं करून म्हणाल्या, "बाई, ते अ-ब-क ऱ्हाऊ द्या, पास हाय का तेवढं सांगा." चौथीपर्यंत सगळेच पुढच्या वर्गात जातात, हे त्यांना दरवर्षी सांगते आणि दरवर्षी त्यांचा विश्वास बसत नाही. हाताने लिहिलेल्या ओळी मात्र लोकांनी वाचल्या, एकमेकांना वाचून दाखवल्या. फळ्यावर पाळ्या लावणाऱ्याच्या बापाने विचारलं, "हे खरंच यानं केलं?" पोरगा तेव्हा व्हरांड्याच्या कठड्यावर उभा होता.

तर घ्यावी का? द्विशिक्षकी, बहुवर्ग शाळा असेल आणि लॅपटॉप मिळत असेल तर जरूर घ्या, पण मार्चमध्ये घ्या. शेवटच्या आठवड्यात तारखा आणि फॉन्ट दुरुस्त करण्याइतका जीव उरत नाही. पाचवीचा वर्ग असलेल्यांनी आधी विचारून घ्यावं. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, नापास झालेल्याची पुनर्परीक्षा आहे. मला मिळालेल्या फाइलमध्ये पाचवीचं शीट जुन्याच पद्धतीचं होतं. एका शिक्षिकेने ग्रुपवर हे दाखवल्यावर सरांनी वेगळी फाइल बनवली म्हणे, ती मी पाहिलेली नाही. पैसे देण्याआधी मराठी आकडे चालतात का, तळाची ओळ काढून मिळेल का आणि पासवर्ड देणार का, एवढं विचाराच.

पुढच्या वर्षीची नोंदणी त्यांनी तेव्हाच सुरू केली होती, आधी पैसे भरणाऱ्याला सव्वाशे. मी लगेच भरले नाहीत. जून २०२५ पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम येणार होता, आणि पहिलीला तिसरी भाषा असणार की नसणार यावर तेव्हा एवढा गदारोळ चालला होता की विषयांचे रकाने किती धरायचे हेच ठरत नव्हतं. सरांना फोन करून विचारलं. म्हणाले, "मॅडम, जीआर येऊ द्या, मग सांगतो."